हवामानाची वेळ

आइसलंडमधल्या त्या मासेमारीच्या गावात रेडिओवर समुद्राचं हवामान लागलं, की घरातलं कुणी तोंड उघडत नसे. शेगडीवरचं उतू गेलं तरी जाऊ द्यायचं. तिथल्या केटिल नाखवाच्या बापाने आणि आज्याने हा नियम पाळला आणि दोघेही समुद्रात न बुडता अंथरुणात मेले. त्या गावात हे भाग्य थोडक्यांचं.

केटिलचा भाचा सिंड्री एक दिवस नेमका त्याच वेळेला सुटाबुटात, नव्या कोऱ्या गाडीतून टपकला. एकेकाळी मामाच्या बोटीवर हा दोन दिवस टिकला होता, तेही कठड्यावर वाकून ओकत. आता तो राजधानीतल्या बँकेत साहेब होता आणि ऊठसूट दर्यावर्दी पूर्वजांच्या रक्ताचे गोडवे गात असे.

"मामा, बोट नि मासे धरायचा तुझा सरकारी कोटा विकून टाक. सगळे पैसे आमच्या बँकेच्या शेअरात घाल."

"डेन्मार्कचा कुणी तज्ज्ञ म्हणतोय, तुमची बँक नुसतीच फुगलीय," केटिलची बायको स्टाइनवोर म्हणाली.

"जळतात मेले! इतकी वर्षं आपल्यावर राज्य केलं, आता त्यांचीच दुकानं आपण विकत घेतोय ना! मामी, धोक्याबिक्याचे हिशेब साध्यासुध्या देशांनी करायचे. आपलं रक्तच वेगळं!"

रेडिओवर वादळाचा इशारा सुरू झाला, तरी सिंड्रीचं चालूच. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या केटिलने मग जन्मात केलं नव्हतं ते केलं. हात लांबवून रेडिओ बंद केला.

बोट विकली गेली, पैसे बँकेच्या शेअरात गेले. बोटीला केटिलच्या आईचं नाव होतं. नव्या मालकाने ते खरवडून काढलं. पुढल्या शरदात आठवड्याभरात बँका बुडाल्या. देशाचे पंतप्रधान टीव्हीवर आले आणि शेवटी देवाला साकडं घालून मोकळे झाले.

"नाखवाच देवाचं नाव घ्यायला लागला, म्हणजे बोटीत पाणी शिरलं म्हणून समजायचं," स्टाइनवोर म्हणाली.

सिंड्री पुन्हा आला. सूट तोच होता, पण आला बसने.

"मामा, असलं वादळ येईल हे कुणाच्या बापाला तरी कळलं असतं का? अख्ख्या जगातच..."

खिडकीतून केटिलला आपली जुनी बोट दिसत होती. दुसऱ्याच्या हाताखाली ती बंदराबाहेर निघाली होती. 

"गप बस," तो म्हणाला. "हवामान लागायची वेळ झाली."

त्याने रेडिओ लावला. ज्या समुद्रावर त्याला आता जायचंच नव्हतं, त्याच्या लाटा किती उंच आहेत, ते त्याने शेवटपर्यंत ऐकलं.