शेंदूर लागलेला खांब

मित्रांनो, समुद्रावर खेळायला जाताना ज्या लाल खांबापुढे तुम्ही चपला काढून हात जोडता, तोच मी. नमस्कार राहू दे. आधी माझं ऐका.

मी काही देव नाही. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या या गावात, पंचायतीच्या आवारात सिमेंट आणि खडी कालवून मला ओतलं. त्याआधीच्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी चिकूच्या वाड्यांत शिरलं होतं. विहिरी खाऱ्या झाल्या, झाडं जळून गेली. तेव्हा ग्रामसभेने ठराव केला, की पाणी जिथवर आलं तिथे खांब रोवायचा. खांबाच्या पुढे, समुद्राकडे, कुणी घर बांधायचं नाही आणि तिथली सुरूची झाडं तोडायची नाहीत. ग्रामसेवक मनिष यांनी मला लाल रंग दिला. शाळेतली मुलं बघायला आली तेव्हा ते म्हणाले, "पाणी इथवर येतं, एवढंच हा खांब सांगतो. विसरू नका." तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

काही वर्षं लोकांनी माझं ऐकलं. मग रखमाबाई माझ्याकडे येऊ लागल्या. मी ज्यांच्या वाडीत उभा होतो त्या महादेवभाऊंची ही थोरली बहीण. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून परतताना त्यांनी एक फूल माझ्यापाशी ठेवलं. पुढच्या वर्षी शेंदूर लावला. "हाच दर्याला अडवून धरतो," असं त्या शेजारणींना सांगत. नेमकी ती वर्षं समुद्रही गुण्यागोविंदाने वागला. मग काय, सगळं गाव माझ्या पाया पडू लागलं. मी कधी कुणाला अडवलं? पण खांबाचा देव झाला की खांबाला विचारतो कोण!

पुढे महादेवभाऊंच्या मुलाचं, जतीनचं, लग्न ठरलं. त्याला वेगळं घर हवं होतं. माझ्यामागे सगळी चिकूची झाडं होती आणि लागतं झाड तोडायला भाऊंचा हात उठेना. मोकळी जागा होती ती माझ्यापुढेच.

"भाऊ, खांबाच्या पुढे नाही बांधता येणार," मनिष म्हणाले. "ठराव आहे."

तोड रखमाबाईंनी काढली. "मंग देवालाच पुढं नेऊ. त्याला दर्या नीट दिसंल, नि घर त्याच्या पाठीशी राहील."

मित्रांनो, मला कुणी चोरून हलवलं असतं, तर गावाने आकाशपाताळ एक केलं असतं. पण मला वाजतगाजत नेलं. जेसीबीला हार घातला, नारळ फोडला, पूजा केली. मांडवासाठी सुरूची झाडं तोडली, तेव्हाही कुणी हूं की चूं केलं नाही. मनिष काही बोलू पाहत होते, पण सरपंच हसून म्हणाले, "अरे, ठराव खांबाचा आहे, देवाचा कुठे आहे?" सगळे हसले. मनिष यांनीही प्रसादाचा द्रोण हातात घेतला. आता कुणीही टेप लावावी, घर खांबाच्या मागेच होतं! माझ्या जुन्या खड्ड्यावर जतीनच्या स्वयंपाकघराची लादी बसली.

आषाढातल्या अमावास्येला भर दुपारी उधाण आलं. पंचायतीची रिक्षा भोंग्यावरून ओरडत फिरली, किनाऱ्यालगतची घरं रिकामी करा. जतीन आणि त्याची बायको मयूरी बाहेर पडले. रखमाबाई त्या दिवशी त्यांच्याकडेच होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"आत्या, चल ना! पाणी आलं!"

"येऊ दे. पुढं माझा देव उभा हाय. तो नाय सोडायचा पाण्याला आत."

एका लाटेने माझ्या पायाखालची वाळू ओढून नेली आणि मी तोंडघशी पडलो. पुढच्या लाटा माझ्यावरून सरळ घरात शिरल्या. जतीन कमरेएवढ्या पाण्यातून मागे वळला, पण तोवर समोरची भिंत आत कोसळली होती. पाणी ओसरल्यावर रखमाबाईंना बाहेर आणलं. महादेवभाऊ "ताई, ताई" करत वाळूत बसले. मी शेजारीच पडलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नारळी पौर्णिमेला गाव पुन्हा जमलं. देव पडला तिथेच उभा करायचा होता. शेजारच्या नविनने माझ्याच भरवशावर जतीनच्या घराच्या ओळीत आपल्या घराचा पाया खणून ठेवला होता.

महादेवभाऊ म्हणाले, "नारळ नको. पहार आणा."

त्यांनी स्वतःच्या हाताने मुलाच्या घराची लादी फोडली. खाली माझा खड्डा सापडला. "हा इथं होता. आपल्याला ठाऊक होतं," एवढंच ते बोलले. मला तिथे रोवून त्यांनी ओल्या वाळूने माझा शेंदूर घासून काढला. घासताना ते रडत होते.

आता मी माझ्या जागी आहे. नविनने मात्र पाया बुजवलेला नाही. देवाला पुन्हा पुढे नेऊ या, अशी बोलणी त्याच्या अंगणात चालतात, आणि काल कुणीतरी मला पुन्हा शेंदूर लावून गेलं आहे.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. ठराव करणं तुमच्या हातात नाही. पण समुद्रावर ओली वाळू भरपूर आहे. मूठभर घेऊन या, आणि हा शेंदूर पुसून टाका.