समासातले ठिपके

प्रकाशनगृहात त्याला 'भिंग' म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि शेवटी तो स्वतःही फोन उचलून 'भिंग बोलतोय' म्हणायला लागला. चौतीस वर्षं तो एकाच प्रकाशनाची मुद्रितं तपासत होता. छापण्याआधीचे कागद घरी यायचे, तो चुका काढायचा, कागद परत जायचे. सुरुवातीला कादंबऱ्या असत, नाटकं असत. गेली पंधरा-वीस वर्षं मात्र एकाच जातीची पुस्तकं येत होती: पहाटे उठा, मनाला जिंका, सवयी बदला, एकवीस दिवसांत नवे व्हा. अशी दोनशेवर पुस्तकं त्याने अक्षर न् अक्षर वाचली होती आणि स्वतः होता तसाच राहिला होता. 'तुमच्यावर कशाचा म्हणून डाग पडत नाही,' असं बायको म्हणायची.

पाच महिन्यांपूर्वी ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खाली बसली आणि तिला उठता येईना. मेंदूतल्या एका बारीक नळीत गुठळी अडकली होती. उजवा हात लुळा पडला. वाचा गेली. तिला समजत सगळं होतं, पण बोलायला गेली की एकच शब्द बाहेर यायचा: 'बशी'. पाणी हवं असलं तरी बशी, लेकीचा फोन आला तरी बशी. का बशीच, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. पडली तेव्हा हातात बशी होती का, असं मेहुणीने दोनदा विचारलं. नव्हती. चाळणी होती.

भिंगला काय वाटलं, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मुंग्या आलेला पाय जसा आपला वाटत नाही, तसं त्याला सगळंच झालं होतं. मेहुणी दवाखान्याच्या जिन्यात हमसून हमसून रडली. तो तिच्या शेजारी उभा राहून भिंतीवरच्या पाटीतली चुकलेली वेलांटी बघत होता. घरी आल्यावर त्याने औषधांचं वेळापत्रक आखलं, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली, बायकोच्या केसांची वेणी घालायला शिकला. सगळं वेळच्या वेळी. 'भाऊजी, तुम्ही एकदा मोकळे व्हा,' असं मदतीला येऊन राहिलेली मेहुणी म्हणे. तो 'हो' म्हणे आणि गाळणं धुवून उपडं घाली.

आठवड्यातून दोनदा एक थेरपिस्ट बोलण्याचे व्यायाम घ्यायला यायची. पंचविशीची, पाठीवर मोठी पिशवी, हसायची कमी. तिने एके दिवशी त्यालाही समोर बसवलं.

"तुम्ही यांच्याशी दिवसभर काय बोलता?"

"जेवलीस का, औषध घेतलंस का, उजेड येतोय का, पडदा ओढू का."

"हे सगळं तुम्हाला दिसतंच आहे की. ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही असं काहीतरी विचारा. रोज एक. सिनेमा दाखवा, पुस्तक वाचून दाखवा, आणि मग विचारा. अंगठा वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही, हात आडवा म्हणजे मधलं काहीतरी. बाकी त्या त्यांचं बघून घेतील."

"बशी," बायको म्हणाली. सूर असा की, हे बरोबर आहे.

त्या दुपारी भिंग कागद घेऊन बसला आणि तासाभरात त्याला एकही प्रश्न सुचला नाही. छत्तीस वर्षांचा संसार. तिला काय आवडतं ते त्याला ठाऊक होतं: कडक चहा, खिडकीकडची बाजू, फिकट निळा रंग. तिला काय वाटतं, हे मात्र त्याला कशाबद्दलच ठाऊक नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याने सरळ टेबलावरच्या मुद्रितांतून एक प्रश्न उचलला. त्या पुस्तकांत प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी प्रश्न असतच.

"रोज सकाळी उठणारी तू कालचीच असतेस का?" त्याने वाचून दाखवलं.

तिने बराच वेळ घेतला. मग डाव्या हाताने स्वतःच्या उजव्या हाताकडे बोट केलं आणि अंगठा खाली दाखवला. मग कपाळाला बोट लावलं आणि अंगठा वर केला.

भिंगने वहीत लिहून घेतलं: हात नाही, डोकं हो. थेरपिस्टने लिहून ठेवायला सांगितलं होतं.

मग हे रोजचंच झालं. लेकीने पाठवलेल्या टॅबवर ते अर्धा-अर्धा तास सिनेमा बघत. एक जुना सिनेमा होता: दीपगृहाचा रखवालदार दिवा तसाच सोडून हरवलेल्या भावाला शोधायला जातो, आणि वर्षाने रिकाम्या हाताने परत येतो तर दिवा दुसराच कुणीतरी लावत असतो. सिनेमा चार दिवस पुरला.

"त्याने जायला नको होतं," भिंग म्हणाला. "ज्याचं काम त्याने करावं. एखादी बोट आपटली असती म्हणजे?"

"बशी."

"काय बशी? भाऊही मिळाला नाही, नोकरीही गेली."

"बशी, बशी," ती म्हणाली आणि पडद्यावर टिचकी मारली. त्याने सिनेमा मागे नेला. तिला हवं ते सापडेपर्यंत तीनदा मागे-पुढे करावं लागलं. परतलेला रखवालदार खाली वाळूत बसून दिव्याचा झोत पाण्यावर फिरताना बघत होता. चौकटीत एवढंच होतं.

"त्याला तो दिवा पहिल्यांदाच दिसतोय, असं म्हणतेस? इतकी वर्षं तो आत होता म्हणून?"

अंगठा वर.

हे भिंगच्या लक्षात आलं नव्हतं. त्याने वहीत लिहिलं आणि भाजी आणायला बाहेर पडला.

पुढच्या आठवड्यात प्रकाशकबाईंनी त्याला बोलावून घेतलं. बाई त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, वडिलांकडून धंदा हाती आलेला, बोलणं तोलून मापून. त्यांनी टेबलावर नुकतंच छापून आलेलं पुस्तक उघडं ठेवलं. चौथ्या प्रकरणाचं नाव हवं होतं 'विचारांची शक्ती'. छापलं होतं 'विचारांची सक्ती'.

"एका वाचकाने पत्र पाठवलंय," बाई म्हणाल्या. "हे प्रकरण फार पटलं म्हणून. पण भिंग, आत आणखी सव्वीस चुका आहेत. याच्या आधीच्या पुस्तकात एकोणीस होत्या. मी तेव्हा बोलले नाही. तुमच्या घरी जे चाललंय ते ठाऊक आहे मला. थोडे दिवस विश्रांती घेता का?"

"डोळे तपासून घेतो," तो म्हणाला.

डोळे ठणठणीत निघाले. तेव्हा त्याने माळ्यावरचे जुने गठ्ठे काढले. तपासलेल्या मुद्रितांची एक प्रत तो नेहमी स्वतःकडे ठेवायचा. आपलं नेमकं कुठे चुकायला लागलं ते त्याला शोधायचं होतं. त्याची पद्धत ठरलेली होती. दुपारी जेवण झाल्यावर पलंगावर पडून पहिलं वाचन. शंका आली की समासात पेन्सिलीने बारीक ठिपका. मग संध्याकाळी दीड तास फिरणं. परत आल्यावर लाल पेन घेऊन दुसरं वाचन, ठिपक्या-ठिपक्याने. पहिल्या वाचनात त्याला डुलक्या लागत, हे तो कुणाला सांगत नसे. पण अर्धवट झोपेतही हात चुका टिपतो, याचा त्याला मनातल्या मनात अभिमान होता.

जुन्या गठ्ठ्यांत एकेका पानावर चार-चार, पाच-पाच ठिपके होते. गेल्या पाच महिन्यांच्या कागदांत पानाआड एखादा.

मग त्याला सात वर्षांपूर्वीचा एक गठ्ठा सापडला. लेकीचं बाळंतपण होतं, तेव्हा तो आठवडाभर तिच्याकडे होता. बायको आजारी पडलेल्या आपल्या आईसाठी घरीच राहिली होती. कागद तो नसताना घरी आले होते. परतल्यावर हातात एकच दिवस असल्याने त्याने पहिलं वाचन सोडून थेट लाल पेन उचललं होतं. हे त्याला स्वच्छ आठवत होतं, कारण चौतीस वर्षांत तसं एकदाच घडलं होतं. त्या गठ्ठ्याच्या पानापानावर पेन्सिलीचे ठिपके होते. तेव्हा घाईत ते त्याला खटकलेही नव्हते.

तो गठ्ठा घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. बायको खुर्चीत बसून डाव्या हाताने लोकरीचा गुंडा सोडवत होती.

"हे तुझे?"

तिने कागदाकडे बघितलं. आता तिला अक्षरं दिसत, पण एकमेकांशी जुळत नसत. ठिपके मात्र तिने ओळखले.

"बशी," ती म्हणाली. मग कुणाचे असणार, असा सूर होता.

"मी फिरायला गेल्यावर?"

अंगठा वर.

"सगळी पुस्तकं?"

अंगठा वर.

"मला सांगितलं का नाहीस?"

याला अंगठ्याचं उत्तर नव्हतं. तिने खांदा उडवला, दोन्ही खांदे नव्हे, एकच, आणि पुन्हा गुंडा हातात घेतला.

भिंग तिथेच उभा राहिला. आता काहीतरी आत हलेल, असं त्याला वाटलं. लाज, निदान थोडं वाईट वाटणं. काही आलं नाही. त्याने गठ्ठे तारखेवार लावून परत माळ्यावर ठेवले आणि शिडी घडी करून दाराआड उभी केली.

त्याने प्रकाशकबाईंकडून आणखी एक पुस्तक मागून घेतलं, शेवटचं म्हणून. लेखक तिशीतला होता, सभागृहं भरून भाषणं देणारा. भिंग बायकोसमोर बसून वाचायला लागला. तिने ऐकायचं, खटकलं की टेबलावर बोटाने ठोकायचं, असं ठरलं. पहिल्या दिवशी तिने तेरा वेळा ठोकलं. सहा ठिकाणी शब्द गळलेला किंवा दोनदा आलेला निघाला. उरलेल्या सात ठिकाणी त्याला काही सापडेना.

"'माणूस जे मनापासून ठरवतो ते तो होऊ शकतो,'" त्याने तिसऱ्यांदा वाचलं. "ऱ्हस्व-दीर्घ ठीक आहे, पूर्णविराम आहे. इथे चूक नाही."

टक टक.

"अगं, नाही चूक."

"बशी."

"वाक्य शुद्ध आहे. मी डोळ्यांनी बघतोय, तू नुसती ऐकतेस."

टक टक टक.

आणि भिंगला राग आला. चांगला कानशिलं तापेपर्यंत. पाच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, ते हे. "मग तूच तपास," असं म्हणत त्याने कागद टेबलावर आपटले. मेहुणी हात पुसत दारात आली, दोघांकडे बघितलं आणि परत गेली.

बायको शांतपणे त्याच्याकडे बघत होती. तिने आपला उजवा हात डाव्या हाताने उचलला, त्या वाक्यावर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

त्याने ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं आणि तो म्हणाला, "खोटं आहे, असं म्हणायचंय तुला. चूक नव्हे, खोटं."

अंगठा वर.

"ते आपलं काम नाही. आपण चुका काढायच्या."

अंगठा खाली.

त्याने तिचा हात अलगद बाजूला ठेवला आणि त्या वाक्यासमोर समासात प्रश्नचिन्ह काढलं. पुस्तक संपेपर्यंत अशी एकतीस प्रश्नचिन्हं झाली. काही त्याला पटली नाहीत, तरी काढली. त्यांतली दोन त्याने स्वतःची घातली.

आठ दिवसांनी बाईंचा फोन आला. "चुका सगळ्या निघाल्यात. पण लेखक भडकलेत. ही प्रश्नचिन्हं कोणाची, म्हणून विचारतायत."

"बायकोची," भिंग म्हणाला. "आणि आधी इतकी वर्षं जे निम्मं काम माझं म्हणून तुमच्याकडे येत होतं, तेही तिचंच. मलाच आत्ता कळलं."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "त्यांनी अकरा ठिकाणी बदल केलेत," बाई म्हणाल्या. "बाकी वीस तशीच राहू द्या म्हणतायत. पुढचं पुस्तक पाठवू?"

"तिला विचारून सांगतो."

ते अकरा बदल त्याने बायकोला वाचून दाखवले. चार तिला पटले. पाचांना तिने हात आडवा केला. दोन तिला आधीपेक्षा वाईट वाटले, आणि त्यांतल्या एकावरून दोघांचं जेवणापर्यंत वाजलं.

महिन्याच्या शेवटी थेरपिस्टने तपासणी घेतली. नवा शब्द एकही नव्हता. तिने अहवालात तसं लिहिलं, आणि खाली भिंगची वही चाळून 'संभाषण: पुष्कळ' असं लिहिलं. भिंगने तो कागद वाचून घडी घातली. त्याला बरं वाटलं की नाही, ते नीट कळलं नाही. मुंग्या आलेल्या पायासारखं आत अजून बरंचसं बधिरच होतं. थेरपिस्ट गेल्यावर त्याने खुर्ची पुढे ओढली.

"त्या रखवालदाराने पुढे काय केलं असेल?" त्याने विचारलं.

बायकोने खिडकीबाहेर बघत विचार करायला सुरुवात केली. तो वही उघडून थांबला.