न खुडलेली कळी

सासूबाई गेल्या आणि आमच्या घराचा आवाजच गेला. चार माणसांचं बोलणं त्या एकट्या बोलायच्या, त्यामुळे बाकीच्यांना तोंड उघडायची सवयच नव्हती. सासरे पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर मान खाली घालून बसायचे, नवरा कारखान्यातून येऊन भिंतीकडे बघत जेवायचा, आणि मी भांड्यांवर राग काढायचे. रडायचं असेल तर ज्याने त्याने आपलं आपलं उरकून घ्यायचं.

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी सासूबाईंचा अनंत होता. जाड पांढऱ्या पाकळ्यांचं फूल. एक जरी उमललं तरी वास पार पुढच्या खोलीपर्यंत. पहिलं फूल त्या वाटीत पाणी घालून सासऱ्यांच्या यंत्राशेजारी ठेवायच्या. म्हणायच्या, "घ्या, यंत्राच्या तेलाने नाक मेलंय तुमचं."

त्या गेल्यावर मी झाडाला रोज सकाळी पाणी घालायला लागले. कुणाला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं? पानं पिवळी पडायला लागली तसं आणखी घातलं. एका रविवारी दुपारी बादली घेऊन दार उघडलं, तर समोर नवरा मग घेऊन उभा, आणि त्याच्यामागून सासरे पातेलं सांभाळत येताहेत. चोरी पकडल्यासारखे तिघंही जागच्या जागी थिजलो. तिघंही रोज पाणी घालत होतो, एकमेकांच्या नकळत. माती उकरली तर कुजका वास आला. मुळं काळी पडलेली, बोटाने दाबली की साल हातात येत होती. माया करून करून बुडवलं होतं आम्ही त्याला. एकाने जरी तोंड उघडलं असतं तरी ते वाचलं असतं.

शेंड्याला तेवढ्या तीन फांद्या हिरव्या उरल्या होत्या. कलमं करून बघू म्हटल्यावर सासरे आत गेले आणि आपली कापडाची कात्री घेऊन आले. त्या कात्रीने कागद कापला म्हणून नवऱ्याने लहानपणी मार खाल्लेला. आज त्यांनी स्वतः ती फांदीला लावली. तिरका काप घेतला, खालची पानं काढली, कुंड्यांतल्या ओल्या वाळूत फांद्या रोवल्या, वरून प्लास्टिकच्या अर्ध्या कापलेल्या बाटल्या उपड्या घातल्या. सगळं सासूबाई करायच्या तसंच.

"आता पाण्याला फक्त मी हात लावणार," मी दरडावून सांगितलं. दोघांनी मुकाट्याने माना हलवल्या.

दोन फांद्या काळ्या पडल्या. तिसरी तग धरून होती, आणि एका सकाळी बघते तर तिच्या टोकाला टपोरी कळी. मुळं नसलेल्या फांदीवर कळी ठेवायची नसते, सगळी ताकद तीच ओढून घेते. सासूबाई कलम लावतानाच कळ्या खुडायच्या. "खायची सोय नाही आणि बाईसाहेब नटायला निघाल्या," असं त्या फांदीला सुनवायच्या. ही सासऱ्यांच्या नजरेतून सुटली असावी, असं मला वाटलं.

मी बाटली उचलली आणि बोटं कळीपाशी नेली.

"राहू दे ना गं," मागून सासरे म्हणाले.

"बाबा, ही फुलली तर फांदी मरेल. एवढीच उरलीये."

"माहीत आहे मला."

"मग मुद्दाम ठेवलीत?"

ते गळ्यातली टेप बोटाभोवती गुंडाळत राहिले. "तिचा वास विसरत चाललोय मी. कपाटात शोधला, उशीत शोधला. चेहऱ्याचं ठीक आहे, फोटो आहेत. पण हे कुठून आणू? हिला मूळ फुटणार, झाड होणार, मग फूल येणार... तोवर मी..."

नवरा दारात येऊन उभा होता. "आई असती तर खुडली असती."

"ती असती तर मला तरी कशाला हवी होती?" सासरे म्हणाले.

मला भयंकर राग आला. एका फुलापायी म्हातारा अख्खं झाड घालवायला निघाला होता. पण माझी बोटं काही मिटेनात. मी बाटली परत ठेवली.

कळी उमलली तेव्हा आम्ही कुंडी यंत्राशेजारी नेली. सासरे डोळे मिटून बसले. मग कधी नव्हे ते आम्ही बोललो. नवऱ्याने सांगितलं, तो कागद आईनेच कापला होता, मार मात्र त्याने खाल्ला. सासरे हसले, इतके की शेवटी त्यांना रडू आवरेना.

फूल पिवळं पडून गळलं. मागोमाग पानं माना टाकायला लागली आणि फांदी वरून काळी पडत खाली आली. मी कुंडी मागच्या दारी नेऊन फांदी उपटली. तिरक्या कापापाशी पांढरी, कोवळी मुळं होती. तांदळाच्या दाण्याएवढी, वाळूचे कण धरून बसलेली.

पुढच्या खोलीतलं यंत्र थांबलं. "मूळ धरलं होतं का गं?" सासऱ्यांनी विचारलं.

नवरा माझ्या हाताकडेच बघत होता. मी मूठ मिटली.

"नाही बाबा. काहीच नव्हतं."

"मग नाहीतरी जगली नसती," ते म्हणाले. यंत्र पुन्हा सुरू झालं.

नवरा काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्याचा मला इतकी वर्षं राग यायचा. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्याचे उपकार मानले. मग अनंत उपटल्यावर राहिलेल्या खड्ड्यात ती फांदी पुरली. पाणी घातलं नाही.