अडकलेलं बटण

मित्रांनो, विमानतळावर जिथून प्रवासी विमानात चढतात, त्या दारापाशी टेबलावर मान वाकडी करून बसलेला एक जुना माइक तुम्ही पाहिला असेल. तो मीच. आता मी त्याच टेबलाच्या खणात पडून आहे आणि भीत भीत बोलतो आहे.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा काय थाट होता! माझं बटण दाबलं की लाल दिवा लागे आणि अख्ख्या दालनात आवाज घुमे. माझ्यावर बोलायची विमान कंपनीतली एक ताई. तिचा आवाज असा खणखणीत, की सोबतचे तिला भोंगाताई म्हणत. विमान सुटायला आलं आणि एखादा प्रवासी आला नाही, की ती ठरलेलं वाक्य बाजूला ठेवून हाक मारी. "अहो निळ्या स्वेटरवाले काका, खिडकीपाशी झोपलाय ते! उठा, विमान थांबणार नाही!" काका धडपडत येत आणि सगळे हसत. जणू मीच त्यांना उठवलं, अशी माझी छाती फुगे.

मग कुणीतरी माझ्यावर गोड कॉफी सांडली. बटण चिकट झालं, कधीकधी दाबलेलंच राहू लागलं. ताईने तिच्या साहेबांना अनेकदा सांगितलं. "चालवून घ्या हो," ते म्हणत, "कशाला त्याच्यावर खर्च?"

एके दुपारी साहेबांनी सगळ्यांना आत बोलावलं. ताई परतली ती पांढरीफटक होऊन. तिने घोषणा केली, बटण सोडलं आणि पाठ फिरवून आईला फोन लावला. काचेपलीकडे विमान घरघरत होतं, म्हणून दुसऱ्या कानात बोट घातलं. बटण मात्र वर आलंच नव्हतं. माझा लाल दिवा चालूच!

"आई, कुणाला बोलू नकोस हं. इथे सगळं बदलतंय. आता घोषणा मशीन करणार, सामानही लोकांनी स्वतःच मशीनवर द्यायचं. आमच्यातले निम्मे जाणार. कोण ते अजून ठरलं नाही. बाहेर बोललात तर पहिलं नाव तुमचं, असं साहेबांनी बजावलंय. मला फार भीती वाटतेय गं."

एकेक शब्द छतातून दालनात पडत होता. ताई, गप्प बस, असं मी आतल्या आत ओरडत होतो. पण मित्रांनो, माइकला स्वतःचा आवाज नसतो.

साहेब धावत आले. "मुद्दाम केलंत ना?"

ताईने माझ्याकडे बोट दाखवलं. "नाही हो साहेब! बटण अडकतं. मी सांगितलं होतं ना तुम्हाला."

साहेबांनी बटण दाबून सोडलं. ते टुणकन वर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वर आलं. मेलं नेमकं तेव्हाच शहाणं झालं! मी अडकलो तर निकामी ठरणार, नाही अडकलो तर ताई खोटी ठरणार. मला दोन्हींची भीती वाटली, पण तिच्यासाठी जास्त. बाबा रे, एकदा अडक, असं मी त्या बटणाला विनवलं.

साहेबांनी चिडून अंगठ्याने बटण जोरात दाबलं आणि अंगठा काढला. "अडकतं म्हणे! आता यादीत पहिलं नाव तुमचंच!"

त्यांचेच शब्द छतातून घुमले. सगळ्या माना इकडे वळल्या. साहेबांनी जीभ चावली.

"काढा हे भंगार," एवढंच ते म्हणाले.

तेव्हापासून मी खणात. वर मशीन गोड आवाजात घोषणा करतं, पण कोण झोपलंय ते त्याला दिसत नाही. मग ताई माझ्याशिवायच हाका मारत दालनभर फिरते. यादी अजून लागलेली नाही. सकाळी तिचा आवाज यायला जरा उशीर झाला, की माझ्या काळजात धस्स होतं.

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू कुरकुरू लागली, तर 'चालवून घ्या' म्हणू नका. वेळीच दुरुस्त करा. आणि विमानतळावर गेलात, तर मशीनकडे वळण्याआधी तिथल्या माणसाशी दोन शब्द बोला. आज दुपार झाली, वर मशीन बोलतंच आहे. ताईची हाक अजून आलेली नाही. मला खणातून काही दिसत नाही. तुम्ही जरा बघता का, ती आहे ना तिथे?