थोरल्यांचा डावा गाल

थोरल्यांचा चेहरा ओळखत नाही असा माणूस आमच्या देशात शोधूनही सापडायचा नाही. नाण्यावर ते, तिकिटावर ते, शाळेच्या प्रत्येक वर्गात फळ्याच्या डोक्यावर ते. हा देश त्यांनी उभा केला, तेव्हा एवढा मान हवाच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं एवढंच की तो चेहरा त्यांचा नाही. आणि हे मी छातीठोकपणे सांगते, कारण तो चेहरा आमच्याच कारखान्यातून बाहेर पडलाय.

थोरले आयुष्यात एकाच मूर्तिकारासमोर बसले, माझ्या बाबांसमोर. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. ते नुकतेच तुरुंगातून सुटले होते. तिथे शिपायांनी त्यांचे डाव्या बाजूचे दात पाडले होते, त्यामुळे तो गाल आत ओढलेला आणि ओठाचा कोपरा खाली उतरलेला. बाबांनी भीतभीतच विचारलं, "गाल जरा भरून घेऊ का?" थोरले म्हणाले, "दात मी दिलेत, तुम्ही गाल कशाला देता? आहे तसा राहू द्या." ही गोष्ट ऐकतच मी मोठी झाले. इतर मुलींना राजाराणीच्या गोष्टी मिळाल्या, मला हा गाल मिळाला. तो ऐकताना दर वेळी माझा ऊर भरून यायचा.

मग गाल भरला कसा? कोणी मुद्दाम भरला असता तर त्याच्या नावाने बोटं तरी मोडता आली असती. थोरले गेले आणि गावोगाव त्यांचे पुतळे बसू लागले. कामाच्या रगाड्यात आमचा पहिला साचा तडकला. थोरल्यांना समोर बसवून बाबांनी केलेलं मूळ प्लास्टरचं डोकं नाजूक, त्यावरून पुन्हा साचा घ्यायला सवड कोणाला होती? विक्रीला तयार असलेल्या एका नकलेवरूनच नवा साचा घेतला. तो झिजला तेव्हा त्याच्या नकलेवरून पुढचा. साच्याचे दोन तुकडे जुळतात तिथे ओतीव कामावर रेघ उठते, ती प्लास्टरने बुजवून घासायची असते. ती रेघ नेमकी डाव्या गालावरून जायची. दर खेपेला गाल कणभर वर आला, ओठ कणभर उचलला. अशी वर्षं गेली आणि लोक म्हणायला लागले, थोरले किती प्रसन्न हसतात!

आमच्याकडची शिस्त अशी, की काम पुरं झालं की बाबा डोळे मिटून त्यावरून हात फिरवणार. ते "हं" म्हणाले की माल बाहेर. अर्धवट कामाला मात्र ते बोट लावायचे नाहीत. पुढे त्यांची दृष्टी गेली, तरी हात फिरवायचं काही सुटलं नाही.

देशाच्या वर्धापनदिनासाठी संसदेपुढे थोरल्यांचा भव्य पुतळा बसवायचं ठरलं आणि काम आमच्याकडे आलं. आता माती माझ्या हाताखाली होती. मी माळ्यावरून मूळ डोकं खाली काढलं. कपाळाचा टवका उडाला होता, पण गाल शाबूत होता. ठरवून टाकलं, देशाने एकदा तरी आपल्या माणसाचा खरा चेहरा बघायचा. नकला विकायचं दुकान दादा सांभाळतो. त्याने मी घडवलेलं मातीचं डोकं पाहून कपाळाला हात लावला. "हे कोणाचे आजोबा आणून बसवलेस? थोरले कुठे आहेत?"

मग पुतळा समितीचे सचिव आले आणि त्यांनी डोक्याभोवती एक फेरी मारली. भला माणूस, उगाच मिरवणारा नव्हे.

"ताई, काम सुंदर आहे. पण हे थोरले वाटत नाहीत हो."

"वाटत नाहीत, पण आहेत," मी म्हटलं. माझ्या नाकावरचा राग काही लपत नाही. मी मूळ डोकं पुढे केलं, दातांची गोष्ट सांगितली, साच्याची सांगितली.

ते हळूहळू खुर्चीत बसले. "लोक चिडतील. म्हणतील, आमच्या थोरल्यांना असं लाचार कोणी केलं?"

"लाचार? त्या गालात त्यांची सगळी हिंमत आहे साहेब!"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "असं करू. तुमच्या बाबांसमोर, मास्तरांसमोर, थोरले स्वतः बसलेत. त्यांना इतक्या जवळून पाहिलेलं दुसरं कोणी आता हयात नाही. मास्तर 'हेच' म्हणाले, तर मी सगळ्यांशी भांडेन. माझा शब्द आहे."

मला तिथेच नाचावंसं वाटलं. बाबांचं मत? ते तर मला पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले. मी त्यांना हात धरून पाटावर चढवलं. सचिव उभेच होते, दादाही दुकान सोडून आला होता. बाबांचे हात कपाळावरून फिरले, भुवयांवरून, नाकावरून. "वा, पोरी," ते म्हणाले. मग उजवा हात डाव्या गालावर आला आणि थांबला. त्यांना ते दिवस आठवत असणार, असं वाटून माझे डोळे भरून आले.

"इथे माती खचलीय," बाबा म्हणाले.

"बाबा, तो गाल तसाच होता ना. तुम्हीच तर सांगायचात."

त्यांनी पुन्हा हात फिरवला, या वेळी सावकाश. मग मान हलवली. "नाही गं. हे ते नव्हेत. आयुष्यभर या चेहऱ्यावरून हात फिरवलाय मी, मला कळत नाही होय?"

मी धावत जाऊन मूळ डोकं आणलं, त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते चाचपलं, तोंड वाकडं केलं. "हे कोणाचं? कोणा शिकाऊचं काम दिसतंय. ओठ बघ कसा पडलाय."

मी बाबांना ओरडून जागं करावं, तर ते चांगले जागे होते. त्यांचे हात खोटं बोलत नव्हते. हजारो नकला त्या हातांखालून गेल्या होत्या, आणि त्यांच्याखाली थोरले कधीच गाडले गेले होते. आम्हीच गाडले होते, दुसरं कोण?

"ताई, आता मी काय बोलू?" सचिव म्हणाले. त्यांचंही तोंड उतरलं होतं. जाताना त्यांनी बाबांना वाकून नमस्कार केला.

"माती ओली आहे तोवर भरून टाकू," बाबा म्हणाले. "घे गोळा."

मी गोळा घेतला. भरत गेले. "अजून," ते म्हणत होते, "अजून जरा." दादाने गुपचूप मूळ डोकं उचललं आणि पुन्हा माळ्यावर नेऊन ठेवलं. माझे हात काम करत होते आणि मला कसलीच शुद्ध नव्हती. तरी एक विचारायचं होतंच.

"बाबा, तुरुंगात थोरल्यांचे दात पाडले होते ना?"

बाबा मोकळेपणाने हसले. "काहीतरीच! त्यांना हात लावायची कोणाची छाती होती?" मग माझ्या अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवून त्यांनी ओठाचा कोपरा वर उचलला.