चौकोनातला भाऊ

माझा धाकटा भाऊ डोंगरात गेला तो परत आला नाही, याला आता दोनेक महिने होतील. त्यानं काढलेला शेवटचा फोटो मात्र माझ्या फोनवर अजून सारखा वर येत असतो.

फोटो एका पांढऱ्या फुलाचा आहे. झाडं-पाखरं ओळखणाऱ्या एका अ‍ॅपनं त्याला पार वेडं केलं होतं. घरात आम्ही त्याला पाल्याच म्हणायचो. जेवता जेवता उठून भिंतीवरच्या किड्याचा फोटो काढायचा. अ‍ॅप कामाचं होतं, हे मी नाकारत नाही. आई एकदा जी वेल भाजी समजून खुडायला निघाली होती ती विषारी आहे, हे त्यानंच सांगितलं. आणि माझ्या लोकरी टोपीला छातीठोकपणे घुबड म्हणणारंही तेच.

फुलाच्या फोटोखाली पाल्यानं लिहिलं होतं, 'शेवटी सापडलंच.' अत्यंत दुर्मिळ जात. कित्येक वर्षं तो तिच्या मागावर होता. कुणा जाणकारानं लगेच दुजोराही दिला. त्यानंतर पाल्याचा फोन बंद.

अ‍ॅपच्या नकाशावर त्या फोटोचा ठिपका दिसत होता. शोधपथकानं ठिपक्याभोवतीचं रान पिंजून काढलं. दोर झाले, कुत्री झाली, हाती काही लागलं नाही. मग मी अ‍ॅपची मदतीची पानं वाचायला बसले. दुर्मिळ झाडं कुणी उपटून नेऊ नयेत म्हणून अ‍ॅप खरी जागा लपवतं. नकाशावर एक भलामोठा चौकोन आखतं आणि त्यात वाटेल तिथं ठिपका टाकून देतं. आम्ही त्या वाटेल तिथल्या ठिपक्यापाशी घसा फोडून हाका मारत होतो. माझं डोकंच फिरलं. चौकोनात सगळा डोंगर, दोन दऱ्या आणि अर्धं शहर येत होतं.

अ‍ॅपवाल्यांना लिहिलं. खरी जागा फक्त खातेदाराच्या परवानगीनं सांगता येते, असं उत्तर आलं. मग विचारा की खातेदाराला, असं मी उलट लिहिलं.

मी दातांच्या कवळ्या बनवते. हात प्लास्टरनं भरलेले असतात आणि टेबलावर फोन वाजतो. पाल्याच्या फोटोवर कुणीतरी काहीतरी लिहिलेलं असतं. घरी वाजला तर आई स्वयंपाकघरातून विचारते, "त्याचा आहे का?" मी नाही म्हणते, तरी ती हात पुसत बाहेर येतेच. हल्ली तर फोन वाजायच्या जरा आधीच ती हात पुसायला लागते. मला तिची भीती वाटते.

परवा एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलं, 'पानाच्या कडेला लव आहे. ही साधी जात. रस्त्याकडेला ढिगानं उगवते.' ते वाचून आधीच्या जाणकारानं आपलं मत मागं घेतलं. आता एका बाजूला पाल्या, दुसऱ्या बाजूला शिक्षक. तिसरं मत पडेल त्या बाजूचं खरं धरायचं, असा अ‍ॅपचा नियम. मत कुणीही द्यावं, गाजर-मुळ्यापलीकडं काही न ओळखणाऱ्या मीसुद्धा. आणि फूल साधं ठरलं, की जागा लपवायचं कारणच उरत नाही.

फोटो मोठा करून पाहिला. लव होती, की फोटोच हलला होता? मला आजही सांगता येणार नाही.

आईला शेजारी बसवून सगळं समजावलं.

"म्हणजे तो चुकला, असं तू म्हणायचं," ती म्हणाली.

"हो."

"सगळ्यांसमोर."

"आई, जागा कळेल."

"जागा कळली की तो तिथंच असणार. आत्ता निदान कुठंही असू शकतो."

मला रडू फुटलं. कारण मलाही त्या चौकोनाचा आधार वाटायला लागला होता. बस चौकोनात शिरली, की मी प्रत्येक पाठमोऱ्या माणसाचं तोंड बघून घ्यायचे.

आईनं पदरानं माझं तोंड पुसलं. "उघड्यावर आहे गं तो," ती म्हणाली. "दाब."

मी दाबलं. चौकोन गेला. ठिपका सरकला आणि घाटातल्या मोठ्या वळणाच्या खाली जाऊन थांबला. ते वळण आमच्या चांगलं ओळखीचं होतं. शोधपथकाच्या गाड्या रोज तिथंच उभ्या असायच्या. आई रोज तिथल्याच कठड्याला टेकून, समोरच्या डोंगराकडं तोंड करून, त्याचा डबा मांडीवर घेऊन बसायची.

मी पथकप्रमुखांना कळवायला फोन उचलला, तर पडद्यावर एक ओळ आली होती. आईनं चष्मा लावून ती मोठ्यानं वाचली. 'आपल्या मतामुळे ओळख पक्की झाली. फोटो काढणाऱ्यास तसे कळवले आहे.'

"त्याला कळवलंय म्हणे," आई म्हणाली. "रागावेल आता तुझ्यावर."