तेवढा बारका सोडून

मी एक जुना दगडांचा गोल आहे. शिरड शहापूरच्या पुढं उघडा माळ लागतो ना, तिथं काळे धोंडे फेर धरून बसलेत. ते सगळे मिळून मी. मित्रांनो, माझं वय विचारू नका. तुमच्या पणज्याच्या पणज्याला विचारलं असतं तरी तो म्हणाला असता, "हा तं आधीपासूनच हाय." कोण्या काळी कोणीतरी आपलं माणूस इथं मातीआड ठेवलं आणि त्याच्याभोवती मला मांडलं. ती माणसं गेली. मी कुठं जाणार? मला बसण्याशिवाय दुसरं काही जमत नाही.

मधल्या काळात माझे काही दात पडले. एक धोंडा कोणाच्या उंबऱ्याला गेला, एक धुण्याला. उरलेल्यांवर शेळ्यांनी पाठी खाजवल्या. तक्रार नाही, मलाही बरं वाटायचं.

पण माझं खरं नशीब उघडलं मुंजाजीमुळं. मेंढरं राखणारा, पन्नाशीला टेकलेला, आणि सरळ बोलला तर पोट दुखणारा माणूस. वाटसरूनं पाणी मागितलं की आधी लांडग्याची गोष्ट सांगून त्याला पळवायचा, मग स्वतःच तांब्या घेऊन मागं धावायचा. मेंढरं चरायला नेताना तो तान्ही कोकरं माझ्यात ठेवायचा. फटींमध्ये बाभळीचे काटे रचले की झाला वाडा. लांडगे तर माळावर खरंच होते. उघड्यावरची कोकरं त्यांनी नेली, माझ्यातलं एकही नाही.

सन अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात जमिनीचा मालक शिवहार ट्रॅक्टर घेऊन आला. हा मुंजाजीचा चुलत भाऊ. त्याचं घर बांधणं चाललं होतं, जोत्याला दगड पाहिजे होते.

"भाऊ, कोकरं काढ. धोंडे नेऊन राहिलो."

"आन् कोकरं ठेवू कुठं? तुह्या ट्रॅक्टरात?"

"ते मला काय माहीत. जमीन माही हाय."

शिवहारचं बोलणं बराबर होतं. वाडा गेला की कोकरं लांडग्याच्या तोंडी जाणार आणि उरलेला कळप जवळा बाजार गावी नेऊन विकावा लागणार, हे मुंजाजीला कळत होतं. तरी तो हसला. तो असा हसला की मी कान टवकारायचो.

शिवहारची आई पंचफुलाबाई ट्रॅक्टरवर बसून आली होती. मुंजाजी तिच्याकडं वळला. "काकू, ह्यानं म्हणे एकल्यानं विहीर खांदली. सासुरवाडीला सांगत फिरून राहिला."

"खांदलीच हाय," शिवहार म्हणाला.

"मग ट्रॅक्टर काहून आणला? सूर्य बुडायच्या आत एक धोंडा हातानं उपट. निघाला तं बाकीचे मी भरून देतो. न्हाई निघाला तं वाडा कोकरांचा. काकू साक्षीला."

"कोणता बी?"

"कोणता बी. तेवढा बारका सोडून."

उगवतीच्या बाजूला माझा एक धोंडा वीतभरच वर दिसतो. शिवहारनं त्याच्याकडं पाहिलं. "तो काहून सोडून?"

"तो तं लेकरू बी उपटंल. त्यात काय मर्दानगी."

"आधी कोणता बी म्हणलास ना? मग मी तोच उपटणार."

मुंजाजी कपाळ धरून मटकन बसला. मित्रांनो, मला हसता येत असतं तर मी तिथंच तडकलो असतो. मागच्या पावसाळ्यात त्या बारक्याच्या बुडाशी साळिंदरानं बीळ केलं होतं. त्यात अडकलेलं कोकरू काढताना मुंजाजीचा हात खांद्यापर्यंत आत गेला, तरी धोंड्याचं बूड लागलं नव्हतं. ते बीळ त्यानंच मग बुजवलं.

शिवहारनं पहार घेतली. दुपारी तो गुडघाभर खड्ड्यात होता आणि धोंडा खाली रुंदच होत चालला होता.

"पाणी लागलं का रे विहिरीला?" आईनं विचारलं.

"गप बस माय."

मुंजाजी मधूनमधून तांब्या द्यायचा. "बारकाच हाय. निघंल."

ऊन उतरलं तेव्हा शिवहार छातीपर्यंत आत गेला होता. धोंडा जागचा हलला नव्हता.

"तुला ठाव होतं."

"मला काय ठाव? धोंड्याला ईचार."

शिवहार वर आला. ट्रॅक्टरजवळ जाऊन त्यानं लोखंडी साखळी उचलली. तेव्हा मात्र माझं हसू पळालं. ट्रॅक्टरनं ओढलं असतं तर मी निघालो असतो. पंचफुलाबाई लेकाकडं बघत राहिली.

तेवढ्यात मुंजाजीच्या पोरानं चरायला नेलेली मेंढरं परतली. आयांचा आवाज ऐकून कोकरं उधळली. एक थेट खड्ड्याकडं धावलं. शिवहारनं साखळी टाकून त्याला खड्ड्याच्या काठावरच पकडलं. ते त्याच्या शर्टाची गुंडी चोखायला लागलं.

"ह्या खड्ड्यात सगळी पडतील," तो चिडूनच म्हणाला. "फावडं दे."

त्यानं खड्डा बुजवला. मुंजाजी त्याच्या जोडीनं माती ओढत होता आणि त्याच्या तोंडून खोडीचा एक शब्द निघाला नाही. मग शिवहारनं माझ्याभोवती पायानं दाबून दाबून माती घट्ट केली.

आता माळावर सोयाबीन डुलतं. नांगरताना शिवहारचा ट्रॅक्टर मला वळसा घालून जातो. मी उपकार कोणाकोणाचे मानू? मुंजाजीचे आहेत, त्या साळिंदराचे आहेत. पण साखळी हातात असताना ती खाली टाकणाऱ्याचे सगळ्यात जास्त.

मित्रांनो, तुमच्याही गावाबाहेर माझ्यासारखं कोणी म्हातारं बसलेलं असेल. त्याला हलवायच्या आधी जरा आत वाकून बघा, कोणाची कोकरं झोपलीत.